भुशाची शेगडी आणि ब्रोकोली

लॅमिंग्टन रोडवरच्या एका अरुंद दुकानात मी विजेवर मंद आचेने शिजवणाऱ्या कुकरच्या, स्लो कुकरच्या, बुडाचा फोटो दाखवला. दुकानदारांनी तो दोन बोटांनी मोठा करून वाचला. 120 व्होल्ट, 240 वॅट.

"अमेरिकेचं दिसतंय. इथे थेट लावलंत का?"

नव्हतं लावलं. भाचीने जाताना तीनदा बजावलं होतं.

"बरं केलंत, ताई. व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता चौपट होते. आतली तार जळाली असती, भांडंही तडकलं असतं."

त्यांनी व्होल्टेज उतरवणारा 500 वॅटचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर काढून दिला. विटेसारखा जड. तो कापडी पिशवीत घालून मी ग्रँट रोडहून निघाले; दादर, मग कुर्ला, असं करत चेंबूरला उतरले तेव्हा पिशवीचे बंद हातावर उमटले होते. वाटेभर एकच गोष्ट डोक्यात होती. ज्या मांसासाठी मी हा खटाटोप करत होते, तेच मांस माझी आई एका पत्र्याच्या डब्यावर शिजवायची, आणि त्या डब्याला वीज लागत नव्हती की रॉकेल.

भुशाची शेगडी आता फारशी कुणाला आठवत नसेल, म्हणून सांगते. पत्र्याचा डबा घ्यायचा, तळाशी एका बाजूला भोक पाडायचं. त्या भोकातून एक दांडका आत सरकवायचा आणि डब्याच्या मधोमध एक रिकामी बाटली उभी करायची. मग वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा बाटलीभोवती ओतत जायचं आणि ठासत जायचं, आधी मुठीने, मग वरवंट्याने. डबा काठोकाठ भरला की बाटली हलकेच फिरवत वर काढायची, दांडका बाहेर ओढायचा. भुशात एक वळलेली पोकळी उरते. खालून पेटती चिंधी सरकवली की आग आतल्या आत चढते. भुसा सैल राहिला तर मध्येच ढासळून सगळं विझतं, फार गच्च झाला तर नुसता धूर होतो. आईची शेगडी ढासळलेली मी पाहिली नाही. तीन-चार तास ती एका लयीत धुमसत राहायची, फुंकर नको की लाकूड सरकवणं नको. वर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, पातेल्यावर ताट, ताटात पाणी. एवढं करून आई बंगल्यांच्या कामाला निघून जायची. परत येईपर्यंत मांस हाडापासून सुटलेलं असायचं.

आई-बाबा 1972 च्या दुष्काळात बीडकडून मुंबईत आले आणि देवनारच्या बाजूच्या वस्तीत राहिले. देवनारचा कत्तलखाना 1971 चा. त्याआधी शहराचा मोठा कत्तलखाना वांद्र्याला होता. म्हणजे आमचं घर आणि तो, मागेपुढे एकाच सुमाराला तिथे आले. आमच्या घरात बीफ हा शब्दच नव्हता. बकऱ्याचं ते मटण, आणि हे मोठ्याचं. स्वस्त पडायचं म्हणून आणायचो हे खरं, पण आवडायचं म्हणूनही आणायचो, आणि ही दुसरी गोष्ट आमच्याबद्दल लिहिणारे बहुतेक विसरतात. जास्तीचं आलं की आई लांबच लांब पट्ट्या कापायची, हळद-मीठ चोळून दोरीवर वाळत घालायची आणि कावळे हाकायला आम्हा पोरांना बसवायची. त्या चान्या. कडक वाळल्या की डब्यात जायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की निखाऱ्यावर भाजून, ठेचून भाकरीबरोबर, नाहीतर डाळीत. भाजलेल्या चानीचा वास आजही मला कुठे अचानक आला तर मी थांबेन.

आता त्या कुकरकडे येते. भाची ओहायोत नोकरी करते. सुट्टीवर येताना बॅगेत कपड्यांच्या मधे गुंडाळून तिने तो आणला: आतलं भांडं जाड चिनीमातीचं, वर काचेचं झाकण, समोर एकच बटण. लो, हाय, वॉर्म. "मावशी, रात्री सगळं टाकायचं, झाकण ठेवायचं आणि झोपायचं. नाहीतर सकाळी टाकून ऑफिसला जायचं," ती म्हणाली. तिचा तिथला पहिला हिवाळा ज्या पदार्थावर निघाला तोच तिने मला लिहून दिला: बीफ आणि ब्रोकोली. पातळ कापलेलं मांस, सोया सॉस, ब्राऊन शुगर, लसूण, आलं, तिळाचं तेल. शेवटी कॉर्नफ्लॉवरने दाट केलेला रस आणि ब्रोकोलीचे तुरे.

हा पदार्थ चीनमधला म्हणावा तर तसा नाही. कँटनकडून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या स्वयंपाकघरातला आहे. त्यांच्या मुलखात मांसाबरोबर गाइ लान नावाची जाड देठांची पालेभाजी असायची. ती नव्या देशात सहज मिळेना. ब्रोकोली तिथे इटालियन स्थलांतरितांनी नेली होती आणि 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात ती बाजारासाठी पिकू लागली. दोन्ही भाज्या कोबीच्याच कुळातल्या, तेव्हा हिच्या जागी ती आली. घर सोडून आलेल्या माणसांनी हाताशी मिळेल त्यावर भागवलं, आणि त्या भागवण्यातून पदार्थ झाला. हे वाचल्यावर मला तो कागद एकदम जवळचा वाटला. मीही बदल करणारच होते.

पहिला बदल मांसाचा. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्यापासून बंदी आहे. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. पुढे मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, राज्याबाहेरून आणलेलं असं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, पण कत्तलीची बंदी कायम राहिली. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. त्यामुळे मुंबईत आज बीफ म्हणून जे विकलं जातं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. रंगाने गडद, चरबी कमी आणि पांढरीशुभ्र. जनावर बहुधा वय झालेलं असतं, आणि वय वाढतं तशी स्नायूंना बांधून ठेवणारी जाळी, ते कोलॅजन, आणखी घट्ट होत जातं. भाचीच्या कागदावर पाच तास लिहिले होते. ते अमेरिकेतल्या कोवळ्या जनावरासाठी. आपल्याकडे आठ धरायचे.

कुर्ल्याच्या ज्या दुकानात मी जाते तिथल्या चाचांना मी 'अंडरकट' मागितलं, कारण तो भाग मऊ असतो एवढंच मला माहीत होतं. ते नाही म्हणाले. "आठ घंटा पकाना है ना बेटा? तो दस्त का लो. अंडरकट का भूसा हो जाएगा." त्यांचं खरं होतं. अंडरकटमध्ये जाळी जवळजवळ नसतेच. फार शिजवलं की कोरडं, धागेधागे. खांद्याचं मांस उलट. ते जनावराच्या चालण्याने राबलेलं, त्यात जाळी भरपूर. साधारण 70 अंशांच्या पुढे ही जाळी हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि तेच रसाला तो ओठांना चिकटणारा दाटपणा देतं. इथे घाई चालत नाही. आग वाढवली की धागे आवळतात, पाणी बाहेर फेकतात, आणि जाळी तशीच राहते. भुशाची शेगडी आणि हा कुकर एकच काम करतात: उकळीच्या अलीकडे आणि तासन्‌तास.

मांस कापायला आई बसली. तिचं वय आता 77. चान्यांच्या सवयीने ती धाग्याच्या दिशेने लांब कापू लागली आणि मी म्हटलं, आई, याला आडवं कापायचं. तिने सुरी थांबवली. "आडवं कशापायी?" धागा तोकडा झाला की चावायला सोपं जातं, मी सांगितलं. ती काही बोलली नाही, तुकडा फिरवला आणि आडवं कापू लागली. चार वर्षांपूर्वी तिला कवळी बसवली. तेव्हापासून ती मोठ्याचं खात नव्हती. ताटात रस्सा घ्यायची, तुकडे माझ्या ताटात सरकवायची आणि म्हणायची, मला नगं, पोट भरलंय. प्रेशर कुकरमध्ये मी कितीही शिट्ट्या काढल्या तरी ते तिला जमत नव्हतं. हे सगळं मी त्यासाठीच करत होते. ट्रान्सफॉर्मरही त्यासाठीच.

पहिल्या खेपेला मी चुकले. एक किलो मांस, अर्धा कप सोया सॉस, हाडांचं एक कप पाणी, तीन चमचे गूळ, दहा लसूण पाकळ्या, बोटभर आलं. इथवर ठीक. पण फ्लॉवरचा रस्सा करतो तशी मी ब्रोकोलीही सुरुवातीलाच टाकली. रात्री साडेदहाला बटण लोवर फिरवलं आणि दर तासाला उठून झाकण उचलून पाहिलं. सकाळी ब्रोकोलीचा शेवाळी चिखल झाला होता आणि घरभर शिळ्या कोबीचा उग्र दर्प होता. हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम उष्णतेने सुटून जातं आणि रंग मरतो. कोबीच्या सगळ्या कुळात जे गंधकाचे अंश असतात ते जास्त शिजवलं की असे उठतात. आणि दर वेळी झाकण उचललं की साठलेली वाफ गेली, भांडं पुन्हा तापायला वेळ लागला, म्हणून मांसही अर्धवट. आईने एक तुकडा तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि हळूच बाजूला काढून ठेवला. मला फार वाईट वाटलं. आठवडाभर मी त्या कुकरला हात लावला नाही.

याच आठवड्यात मी त्या यंत्राचं मूळ शोधत बसले. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांनी ते घडवलं, पेटंट त्यांना 1940 मध्ये मिळालं. कल्पना आली ती नॅक्सन यांच्या आईने सांगितलेल्या आठवणीतून. लिथुआनियातल्या तिच्या गावी ज्यू घरांतून शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्य आणि कंदांची भांडी बेकरीच्या निवत जाणाऱ्या भट्टीत नेऊन ठेवत आणि शनिवारी काढत. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही, म्हणून रात्रभर शिजणारा तो चोलेंट. 1970 साली रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी क्रॉक-पॉट या नावाने हे भांडं घराघरांत गेलं. मी वाचता वाचता थांबले ते शनिवारपाशी. आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, मराठी बोलणारे, तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांच्या घरांत शनिवारी काय आणि कसं जेवत, हे विचारण्याइतकं जवळचं माझ्या ओळखीत कुणी नाही, याची तेव्हा मला खंत वाटली. लिथुआनियातल्या त्या बाईला आग पेटवायची मनाई, माझ्या आईला आगीपाशी थांबायला सवड नाही. दोघींनी भांडं झाकून ठेवलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या खेपेला झाकणाला हात लावला नाही. सोया सॉस निम्मा केला, आईला बीपी आहे. तिळाचं तेल भाचीच्या कागदावर भाजक्या तिळांचं होतं. आपलं घाण्याचं तेल सौम्य, त्याला तो वास नाही, म्हणून तीळ खमंग भाजून कुटून घातले. ब्रोकोली स्टेशनबाहेरच्या भाजीवालीकडून आणली. ती तिला हिरवा फ्लॉवर म्हणते आणि मलाही तेच नाव बरं वाटतं. तुरे वेगळे करून सकाळी मिठाच्या उकळत्या पाण्यात फक्त दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, आणि वाढायच्या आधी रसात. देठ मी टाकत नाही. सालं काढली की आतला गर कोवळा आणि गोडसर असतो.

आईने तुकडा बोटांनी दाबून पाहिला. दबला. मग खाल्ला. मग दुसरा घेतला. ब्रोकोली तिने एक तुरा चाखून बाजूला केली आणि तिसरा तुकडा घेतला. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसत राहिले.

पण त्याच सकाळी दुसरी एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही. वस्तीत आम्ही काही लपवत नव्हतो. सगळ्यांच्याच शेगडीवर तेच असायचं. इमारतीत राहायला आलो तेव्हापासून लपवू लागलो. मोठ्याचं आणलं की आधी खिडकी बंद, मग प्रेशर कुकर, मग उदबत्ती. अर्ध्या तासात आवरतं. प्रेशर कुकर त्या दृष्टीने सोयीचा. हा कुकर तसा नाही. तो आठ तास, अगदी सावकाश, घरातून जिन्यात आणि जिन्यातून दारोदार वास पाठवत राहतो. समोरच्या काकू सकाळी दूध घेताना म्हणाल्या, "काय गं, रात्रीपासून काय सुंदर वास सुटलाय! काय केलंस?" आणि मी म्हटलं, "चायनीज, काकू."

खोटं नव्हतं. पण मी तो शब्द कशासाठी वापरला हे मला माहीत होतं. दार लावून आत आले तेव्हा आई पाहत होती. तिने ऐकलं होतं.

आमच्या नात्यातही यावर एकमत नाही, आणि ते मी लपवणार नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आईच्या आजोबांनी ते सोडलं आणि पुन्हा शिवलं नाही. पैसे मोजून आणलेलं मात्र खात. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आईच्या वडिलांनी मोठ्याचं पूर्णच बंद केलं आणि मामा आजही तेच पाळतो. आई लग्न करून आली त्या घरात चालू होतं, म्हणून तिने चालू ठेवलं. मामा येतो तेव्हा ती वरण-भात करते आणि दोघं एकमेकांना काही म्हणत नाहीत. मला दोघांचंही पटतं. मामाने सोडलं ते समजून-उमजून. मी काकूंपुढे जे केलं त्याला मात्र तसा काही आधार नव्हता.

तिसऱ्या खेपेला आईने कॉर्नफ्लॉवरचा डबा परत फडताळात ठेवला. "त्यो पांढरा खळ कशाला? येसूर हाय की." येसूर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. आमच्याकडे रस्सा त्यानेच दाट होतो. मला वाटलं सोया सॉसबरोबर हे जमणार नाही. आईने सोया सॉस दोन चमच्यांवर आणला, येसूर गार पाण्यात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात सोडला, आणि भाजक्या तिळांना तो असा मिळाला की मी भाचीला तो बदल कळवला. तिने तिथल्या इंडियन दुकानात शोधला, मिळाला नाही. आता आई तिच्यासाठी दोन किलो दळून ठेवणार आहे. ब्रोकोलीचं मात्र आईशी अजून जमलेलं नाही. तिचे तुरे मीच खाते, देठ ती आवडीने खाते.

त्या रविवारी दूधवाला आला तेव्हा दार आईने उघडलं. मी आत ट्रान्सफॉर्मरची वायर गुंडाळत होते. काकूंचा आवाज आला, "आज पण चायनीज का हो, आजी?"

"न्हाई," आई म्हणाली. "मोठ्याचं हाय. म्हशीचं. रातभर ठेवलं हुतं."

मी वायर तशीच हातात धरून उभी राहिले. जिन्यात काही वेळ कुणी बोललं नाही. मग काकूंनी विचारलं, "रात्रभर? आणि जळत नाही खाली?"

"न्हाई जळत. झाकण उघडायचं न्हाई पण."

"मग त्यात राजमा होईल का हो? आमच्याकडे किती शिट्ट्या काढल्या तरी कचकच राहते."

हे ऐकून मात्र मला बाहेर यावंच लागलं. राजमा त्यात थेट टाकायचा नाही, मी काकूंना सांगितलं. त्यात एक विषारी अंश असतो आणि मंद आचेवर तो मरत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. काकूंनी दुधाची पिशवी काखेत धरून ते दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाल्या, बुधवारी भिजत घालते, गुरुवारी कुकर देशील का? ट्रान्सफॉर्मरसकट द्यावा लागेल, मी म्हटलं, आणि तो जड आहे, मीच आणून लावून देते.